घुबडपाळीच्या घरातली ओलीटा

ओलीटा स्टिडमची गाडी घळीत शिरताना दिसली की बायका आधी पायपुसणी लपवायच्या. शेगडीवर काय करपतंय, केस विंचरलेत की नाही, हे सगळं नंतर. आधी दारातलं, न्हाणीघरातलं, पलंगाशेजारचं पायपुसणं गुंडाळून पलंगाखाली सरकवायचं. कारण ओलीटा उंबऱ्यात आली की 'कशा आहात' म्हणायच्या आधी तिची नजर जमिनीवर जायची.

"मॉडी काकू, हे पुन्हा अंथरलंत? याच्यावरून पाय घसरला तर खुबा मोडेल."

"आणि खुबा मोडला की मी मरेन. माहीत आहे गं बाई. मागच्या खेपेलाच मारलंस की मला. बस, कॉफी घे."

ओलीटा कॉफी घ्यायची, पण बसायची कुठली! कप हातात घेऊन जिन्याचा कठडा हलवून बघायची, भिंतीला टेकवलेली बंदूक भरलेली आहे का विचारायची, औषधांचं कपाट उघडायची. तिचा नवरा होबर्ट शाळेची बस चालवायचा, स्वभावाने गरीब. तो म्हणायचा, "मी लग्न केलं नाही, घरात फौजदार आणलाय." जेवतानाही ती तीनदा उठायची. लोक तिला हसायचे, पण सणाच्या दिवशी पोराला चार चाकांच्या त्या जाड मोटारसायकलवर बसवताना आधी शिरस्त्राण शोधायचे. दोन पोरं डोक्यावर पडून गेली तेव्हा तिने काउंटीभर, म्हणजे आमच्या जिल्हाभर, एवढा कालवा केला होता की शिरस्त्राण न घालता निघालेल्या पोराला रस्त्यावरचे लोक "ओलीटा बघतेय रे!" म्हणून ओरडायचे.

सरकारी नर्स म्हणून ती लागली. पुढे काउंटीच्या आरोग्य खात्याची प्रमुख झाली. आणखी पुढे डोंगरातल्या कितीतरी काउंट्यांचं काम तिच्याकडे आलं. राजधानीत तिचं बोलणं ऐकायला मोठमोठे डॉक्टर बसायला लागले. पण आमच्या घळीत ती पायपुसणीवालीच राहिली.

ही वळवळ तिच्या अंगात कुठून आली, असं तिला एकदा कुणीतरी विचारलं होतं. ती म्हणाली, "घरातून. पण आमच्या घरात ती पायात नव्हती, कानात होती."

तिचा बाप आर्व्हिल सायझमोर कोळशाच्या खाणीत घुबडपाळीला होता. म्हणजे रात्री खाली उतरायचं आणि उजाडल्यावर काळाठिक्कर होऊन वर यायचं. घरी येऊन तो अंग धुवायचा, मऊ पावासारखी बिस्किटं आणि रस्सा खायचा आणि मागच्या खोलीत झोपायचा. मग त्या घरात दिवसभर टाचणी पडेल तर ऐकू येईल अशी शांतता. खिडकीला काळी घोंगडी. टेलिफोन टॉवेलात गुंडाळून कपाटात. पोरांनी घरात बूट घालायचे नाहीत. ओलीटा आणि तिचा धाकटा भाऊ डेन्व्हर भांडायचे तेसुद्धा तोंड मिटून, नुसते चिमटे काढून. त्यांची आई व्हर्डी भुवयांनीच रागवायची, भुवयांनीच जेवायला बोलवायची. शेजारच्या पोरांना वाटायचं, या घरातली माणसं मुकी आहेत.

आणि यात कसलं खूळ नव्हतं. त्याच घळीत एक माणूस होता, त्याचं तान्हं पोर पोटदुखीने रडायचं. चार-पाच दिवस त्याला दुपारची झोप मिळाली नाही. एका रात्री खाली काम करताना त्याने छताला टेकू लावायचं विसरून पुढे पाऊल टाकलं. छत आलं. तो गेला आणि त्याच्याबरोबर दुसराही एक गेला. मातीच्या वेळी त्याच्या बायकोला कुणी एक शब्द बोललं नाही, पण बायकांच्या नजरा तिच्या कडेवरच्या पोरावर होत्या. व्हर्डी तिथून घरी आली आणि तिने पहिलं काम काय केलं, तर आपल्या दोन्ही आरवणाऱ्या कोंबड्यांची मान पिरगळली. पुढे आर्व्हिल तीस वर्षं खाली उतरला आणि रोज वर आला. याचं श्रेय खाणीच्या साहेबाला नाही, व्हर्डीच्या शांततेला आहे, असं ओलीटा मोठेपणी म्हणायची, आणि म्हणताना तिचा ऊर भरून यायचा.

मग आमच्याकडे गोळ्या आल्या. खाणीत पाठ मोडलेली, गुडघे गेलेली माणसं घरोघर होतीच. त्यांना डॉक्टर म्हणाला, ही नवी गोळी घ्या, सवय लागत नाही. अफूच्याच जातीची ती, सवय कशी नाही लागणार! दोन-तीन वर्षांत पेट्रोल पंपापेक्षा ही गोळी लिहून देणारे दुखण्याचे दवाखाने जास्त झाले. नंतर सरकारने दवाखाने बंद केले, तेव्हा गोळ्यांच्या जागी पावडर आली, आणि पावडरीत काय कालवलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसायचं. आठवड्याला एक माती व्हायला लागली. तरणीताठी माणसं जात होती.

ओलीटाच्या वरच्या साहेबांनी पत्रकं छापली. व्यसन वाईट, वगैरे. ओलीटाने ती गाडीच्या डिकीत टाकली आणि तिथेच ठेवली. तिची कामाची रीत वेगळी होती. ज्या घरात माती झाली, तिथे आठवड्याभराने ती जायची. येताना हिरव्या घेवड्याची टोपली आणायची. आमच्याकडे ऑफिसातल्या माणसासमोर कुणी तोंड उघडत नाही, पण मांडीवर शेंगा घेऊन पायरीवर बसलं, दोरा ओढायचा आणि कट्कन मोडायची, असं चालू झालं की हात कामात राहतात आणि माणूस समोर न बघता बोलतो. ओलीटा कधीच विचारायची नाही की तो का घ्यायचा. ती विचारायची, "शेवटच्या तासात काय काय झालं? तुम्ही कुठे होतात?"

नदीन फ्यूगेटचा थोरला गेला तेव्हा ती अशीच तिच्या पायरीवर बसली होती. नदीनने टोपलीतून मूठभर शेंगा उचलल्या. मग म्हणाली, "मी घरातच होते गं. तेच तर. दुपारी जेवला, सोफ्यावर आडवा झाला. कितीतरी रात्रींत झोपला नव्हता पोर. इतका छान घोरत होता. मी टीव्ही बंद केला. पाहुणी आली तर तिला दारातूनच परत पाठवली, म्हटलं, झोपू दे त्याला."

"आणि मग?"

"मग घोरायचं थांबला. मला वाटलं, आता गाढ लागली."

ओलीटाच्या हातातली शेंग तशीच राहिली. हे वाक्य तिने आधी ऐकलं होतं. वरच्या घळीतल्या विधवेकडे, दुकानामागच्या त्या म्हाताऱ्याकडे. छान घोरत होता. झोपू दे म्हटलं. तिने नदीनचा हात दाबला, टोपली तिथेच ठेवली आणि निघाली. नदीच्या पुलाशी येऊन तिला गाडी कडेला घ्यावी लागली. ते घोरणं झोपेचं नसतं, हे तिला नर्स म्हणून ठाऊक होतं. अफू श्वास दाबते, जीभ मागे पडते, माणूस बुडत असतो आणि आवाज घोरण्यासारखा येतो. पण ही घरं तिला नर्स म्हणून नव्हे, आर्व्हिलची पोर म्हणून ठाऊक होती. घुबडपाळीची घरं सगळी. पिढ्यान्पिढ्या इथल्या बायकांनी एकच माया केली होती, झोपलेल्या पुरुषाला उठवायचं नाही. खाणी बंद पडल्या, पाळी संपली, पण टीव्ही अजून बंद होत होता. पाहुणी अजून दारातून परत जात होती. ओलीटा स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली, आणि रडता रडताच तिने डोक्यात पुढच्या कामाची जुळवाजुळव सुरू केली. तिचं रडणंही असं घाईतलं.

नाकात मारायचा एक फवारा असतो. अफूचा विळखा तेवढ्यापुरता सोडवतो, अडलेला श्वास परत आणतो. ओलीटाला तो घराघरात हवा होता. आरोग्य मंडळाचे अध्यक्ष होते ब्रदर एल्झी, आमच्या चर्चचे उपदेशक. सहा फूट उंच, आवाज असा की माईकची गरज नाही.

"ओलीटा, तू त्यांना पापाची मोकळीक देतेयस. आज उठवशील, उद्या पुन्हा घेतील."

"ब्रदर, तुम्ही बाप्तिस्म्याला माणसाला नदीत उभं करता. त्याचा पाय घसरून तो बुडायला लागला तर काढता ना बाहेर? की आधी विचारता, पुन्हा पाप करणार का म्हणून?"

"पोहता न येणाऱ्याला मी खोलात नेतच नाही."

"हे तुम्हाला न विचारता गेलेत ना खोलात!"

ब्रदर एल्झींनी हनुवटी खाजवली. शेवटी म्हणाले, "वरचा सभामंडप मिळणार नाही. तळघर घे. आणि माझं नाव घेऊ नकोस."

रविवारच्या जेवणानंतर तळघरात बायका जमल्या. सूप बीन्स, मक्याचा पाव, सफरचंदाचा थरांचा केक. केक व्हर्डीनेच केला होता, ती मागे बसून तो कापत होती. ओलीटा घडीच्या खुर्चीत बसली, मान मागे टाकली आणि म्हणाली, "आता हे साधं घोरणं. आमच्या होबर्टचं." आणि अशी काही घोरली की बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. एकजण म्हणाली, "अगं, हा तर आमचा! तुझ्याकडे कधी आला?" पुन्हा हशा.

"आणि हे दुसरं," ओलीटा म्हणाली.

या खेपेला तिच्या घशातून खळखळ आली, मग आवाज तुटला, मग काहीच नाही, बराच वेळ काहीच नाही, आणि मग पुन्हा ओढून आणल्यासारखी एक घरघर. हसणाऱ्या बायका एकेक करून गप्प झाल्या. नदीन उठली आणि दार ढकलून बाहेर गेली. खोलीत आणखी दोघी-तिघी पदार्थांकडे बघत बसल्या, आणि त्या का बघतायत हे प्रत्येकीला कळत होतं.

"हे ऐकलंत तर उठवायचं," ओलीटा म्हणाली. "शिव्या दिल्या तर देऊ दे. हलवा, ओरडा, थोबाडीत मारा. उठला नाही तर फवारा, आणि तोंडाने श्वास. आणि ॲम्ब्युलन्स."

त्या दिवशी प्रत्येकीच्या पिशवीत फवाऱ्याची एक डबी गेली. कुणी घेतली नाही तर ओलीटा स्वतः तिच्या पिशवीत कोंबायची. सगळ्यात शेवटी ती आईपाशी आली.

"माझ्या घरात कुणाला लागतंय?" व्हर्डी म्हणाली. सुरी पुसत होती.

आणि काउंटीतल्या एकाही बाईचं न ऐकणाऱ्या ओलीटाने ती डबी गुपचूप आपल्या पर्समध्ये परत टाकली.

कारण डेन्व्हर. त्याच्याही पाठीवर खाणीत छताचा दगड आला होता, त्यालाही ती गोळी मिळाली होती. बायको पोरांना घेऊन ओहायोला निघून गेली, तेव्हापासून तो आईच्या मागच्या खोलीत राहत होता, बापाच्याच पलंगावर. तळघरातल्या त्या रविवारच्या आधीच, ईस्टरच्या जेवणाला, ओलीटाने त्याच्या डोळ्यांत बघितलं होतं. बाहुल्या मोहरीएवढ्या, अफूने होतात तशा. जेवणानंतर तिने त्याला लाकडाच्या खोपटामागे गाठलं.

"कधीपासून?"

"ओली, सुरू होऊ नकोस."

"आईला माहीत आहे?"

डेन्व्हरने तिचा दंड धरला. "आईला एक शब्द सांगितलास, तर मी त्याच दिवशी हे घर सोडीन. गाडीत झोपेन. शपथ घेऊन सांगतो. तिच्या नजरेसमोर मी असा राहू शकणार नाही."

गाडीत झोपणं म्हणजे काय, हे काउंटीत ओलीटाइतकं कुणाला कळत होतं? गाडीत सापडलेले सगळे तिने पाहिले होते. सांगितलं तर तो एकटा मरेल, आणि नाही सांगितलं तर आई त्याला झोपू देईल. या दोहोंच्या मध्ये ती वर्षभर अडकली. दुसऱ्यांच्या आयांना तासन् तास शिकवायची आणि स्वतःच्या आईसमोर हवापाण्याच्या गप्पा मारायची. स्वतःची तिला किळस यायची.

मग तिने आपल्या स्वभावाला साजेसा मार्ग काढला. रोज दुपारी गाडी काढून आईकडे. कधी अंडी हवीत, कधी भांडं परत करायचंय, कधी काहीच नाही. मागच्या खोलीत डोकवायचं, डेन्व्हरची छाती वर-खाली होतेय का बघायचं.

"तुला ऑफिस नाही का गं?" व्हर्डी म्हणायची. "सरकार पगार कशाचा देतं तुला?"

"इकडूनच चालले होते आई."

"रोज इकडून? आणि हळू बोल, डेन्व्हर झोपलाय."

कधी डेन्व्हर जागा असायचा. अंधारातून म्हणायचा, "मोजून झाले श्वास? जा आता." ती गाडीत येऊन बसायची आणि घळीच्या तोंडापर्यंत पोचेस्तोवर पुन्हा मागे फिरावंसं वाटायचं. तिचं वजन उतरलं. होबर्ट म्हणाला, "बाई, तू सगळ्या डोंगराला वाचवशील आणि स्वतः ताटात जेवण टाकून मरशील." तिने त्याला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. आमच्याकडे घरातल्या माणसाचं असं बाहेर बोलत नाहीत, आणि जिचं कामच बाहेर बोलायचं होतं ती सुद्धा बोलली नाही.

टोमॅटोच्या दिवसांत राजधानीतून बोलावणं आलं. कायदा व्हायचा होता. फवारा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कुठल्याही घरात देता यावा म्हणून. ओलीटाने तिथे उभं राहून बोलायला हवं होतं, दुसरं कुणी तसं बोलूच शकलं नसतं. तीन-चार दिवसांचं काम. आणि त्या तीन-चार दुपारी आईकडे कोण जाणार, या एका गोष्टीने तिची झोप उडाली. शेवटी तिने ठरवलं. सांगायचं. डेन्व्हर जाईल तर जाईल, पाठीमागे धावू.

ती पोचली तेव्हा व्हर्डी स्वयंपाकघरात टोमॅटोच्या बरण्या भरत होती. खिडक्यांवर वाफ धरली होती.

"आई, बस जरा."

"बरण्या तापल्यात."

"असू देत. बस गं. डेन्व्हरबद्दल आहे."

व्हर्डीने झाकण घट्ट फिरवलं. "त्याच्या गोळ्यांचं ना?"

"तुला माहीत आहे?"

"अगं, माझ्या घरात राहतो तो," व्हर्डी म्हणाली. आवाज तिचा नेहमीचा, दिवसाचा, कुजबुजण्याच्या किंचित वरचा. "तुझा बाप गेला तेव्हा त्याच्या गोळ्या न्हाणीघरात होत्या. त्या कुणी संपवल्या, मांजरीने?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू सांगितलंस मला? वर्षभर अंडी नेतेयस. एवढ्या अंड्यांचं करतेस काय, होबर्टला आंघोळ घालतेस?"

ओलीटा हसली आणि त्याच दमात तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं ओझं, आणि ते दोघी दोन बाजूंनी वाहत होत्या. तिला इतकं हलकं वाटलं की ती खुर्चीत बसलीच.

"आणि मी काही स्वस्थ बसलेली नाही हो," व्हर्डी पुढे म्हणाली. "तू गेलीस ना की रोज दाराशी खुर्ची टाकते. शिवण घेऊन बसते, कान आत. घोरायला लागला की माझ्या जिवात जीव येतो. मग उठून कामाला लागते."

ओलीटाचं हलकेपण तिथेच गेलं. "आई, मी तळघरात घोरून दाखवलं होतं. तू होतीस."

"ते नदीनच्या पोराचं. माझा तसा घोरत नाही." व्हर्डीने कापडाला हात पुसले. "हा अगदी आपल्या बापासारखा घोरतो. तशीच खळखळ, तसाच मध्येच थांबतो, मग पुन्हा ओढतो. बापाच्या छातीत कोळसा होता, याच्या एवढ्यात कसा आला कोण जाणे. पण मला बरं वाटतं गं ऐकायला. वाटतं, आर्व्हिलच झोपलाय. आत्ता पण बघ. ऐक."

ओलीटाने ऐकलं.

ती उठली तेव्हा खुर्ची मागे पडली. व्हर्डीने तिचा हात पकडला. विचार करून नव्हे, पन्नास वर्षांची सवय होती ती. "ओलीटा! झोपलाय तो."

"आई, तो मरतोय!"

मागच्या खोलीत अंधार. डेन्व्हर उताणा, ओठ निळसर, नखं निळसर. ओलीटाने त्याला हलवलं, गालावर मारलं, छातीच्या हाडावर मूठ रगडली. काही नाही. फवारा पर्समध्ये आणि पर्स गाडीत. "हाक मार त्याला! जोरात! हलवत राहा!" असं ओरडत ती पळाली. परत आली तेव्हा व्हर्डी पलंगाशी गुडघ्यावर होती आणि म्हणत होती, "डेन्व्हर. ए डेन्व्हर. बाळा." कुजबुजत होती. तोंड पूर्ण उघडत होतं, मानेच्या शिरा फुगल्या होत्या, आणि आवाज निघत नव्हता. त्या खोलीत तो निघायचा नाही, असं तिने स्वतःच आपल्या गळ्याला शिकवलं होतं.

"आई, ओरड गं!" ओलीटाने एका नाकपुडीत फवारा मारला, मान मागे केली, तोंडावर तोंड ठेवून श्वास भरला. छाती उचलली गेली, खाली बसली. पुन्हा भरला.

आणि मग व्हर्डी ओरडली. "डेन्व्हर!" अंगणातला कुत्रा भुंकायला लागला. "डेन्व्हर! ऊठ! ऊठ रे मेल्या! ऊठ म्हणते ना!" ती त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी मारत होती आणि ओरडत होती, आणि समोरच्या टेकडीवरचा शेजारी कुदळ टाकून धावत आला, कारण त्याने सायझमोरांच्या घरातून दिवसा आवाज कधी ऐकलाच नव्हता. त्यानेच ॲम्ब्युलन्सला फोन केला. ओलीटाने दुसरा फवारा मारला. श्वास भरत राहिली. तिला मोजायचं भान नव्हतं, ती नर्स राहिली नव्हती, ती नुसती भरत होती.

डेन्व्हरने एकदम धाप घेतली, पाण्यातून वर आल्यासारखी. डोळे उघडले, कुशीवर वळून ओकला, आणि कुणी उठवलं म्हणून बघतो तर समोर आई. नशा एका झटक्यात उतरली की अंगात आग लागते, त्या आगीत त्याने आईला जी शिवी हासडली ती मी इथे लिहिणार नाही. आईच्या तोंडावर अशी शिवी या घळीत कुणी दिलेली नाही.

व्हर्डी मागे सरकली. चेहरा पांढराफटक. "शिवी दिली मला," ती म्हणाली. "जन्मात कधी कुणाला उठवलं नाही, आज उठवलं, तर शिवी दिली."

"हो आई." ओलीटा जमिनीवर बसून हसत-रडत होती. "दिली ना? केवढ्याने दिली!"

दवाखान्याने त्याला संध्याकाळीच सोडलं. व्यसन सोडवायच्या केंद्रात जागा नव्हती, रांग होती, नाव लावा म्हणाले. डेन्व्हर दवाखान्याच्या दारात उभा राहिला, आईकडे न बघता म्हणाला, "मी गाडीत झोपतो."

"झोप की," व्हर्डी म्हणाली. "गाडी माझ्या अंगणात लाव. मी तिथे येऊन उठवीन."

तो घरी आला. सुटला नव्हता त्यातून, पुन्हा घेईल हे तिघांनाही ठाऊक होतं. ओलीटाने राजधानीला जायचं रद्द केलं होतं. व्हर्डीने तिची बॅग स्वतः गाडीत ठेवली. "तू इथे बसून काय करणार आहेस? अंडी नेणार? जा."

राजधानीतल्या त्या इमारतीत जमिनीवर संगमरवर, ओलीटाला तोही निसरडा वाटला. तिचं नाव पुकारायला थोडा वेळ होता. दुपार झाली होती. ती बाहेर व्हरांड्यात आली, खांबाशी उभी राहून तिने घरी फोन लावला. घाईत आकडे दोनदा चुकले.

"आई? काय करतोय?"

"झोपलाय."

"आई."

"थांब ना. धर." व्हर्डीने फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग तिची पावलं, मग दार. आणि मग ती हाक, सगळ्या घरातून घुमत फोनपर्यंत आलेली. "डेन्व्हर!"

काही आलं नाही. आतून ओलीटाचं नाव पुकारलं गेलं. एक माणूस दारात येऊन तिला हाताने खुणावू लागला. तिने त्याच्याकडे पाठ फिरवली, फोन कानावर इतका दाबला की कान दुखला.

"डेन्व्हर! ए डेन्व्हर!"

"काय आहे गं थेरडे!" खूप लांबून, झोपेतून, चिडून. "जरा झोपू देशील की नाही? आत्ता उठवलं होतंस ना!"

"काही नाही. झोप."

पावलं परत आली. "ऐकलंस?" व्हर्डी म्हणाली. तिला धाप लागली होती. "सकाळपासून सात-आठ वेळा दिल्या मला शिव्या. एक तर मी कधी ऐकलीच नव्हती."

"आई," ओलीटा म्हणाली. दारातला माणूस अजून खुणावत होता. "अजून एकदा मार हाक."

"अगं, आत्ताच तर—"

"एकदाच गं. मग मी आत जाते."

व्हर्डीने पुन्हा फोन टेबलावर ठेवला.